गेरूची चाचणी

ताट पडलं आणि काळ्या कुत्र्यानं कुंपणावर उडी घेतली. जाळीत त्याचा पुढचा पाय अडकला, तो केकाटला, आणि त्या आश्रयगृहातल्या बाकीच्या साठ-सत्तर कुत्र्यांनी एकच गलका केला. सुभेदार खराडे शांतपणे पुढं गेले. त्याला पोटाखालून उचलून धरत त्यांनी पाय सोडवला, मानेवरून हात फिरवला. मी वहीत फुली मारली. एकशे चौदावी.

"चला हेमाताई," सुभेदार म्हणाले, "बस चुकेल."

या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली. मिरजेच्या बाहेर, उसाच्या रानांना लागून दोन कौलारू खोल्या आणि पुढं मोकळी जागा, एवढीच आमची संस्था. ज्यांचे पाय चालत नाहीत, हात उचलत नाहीत, अशा माणसांसाठी कुत्री शिकवायची. खाली पडलेली वस्तू उचलून द्यायची, दोरी ओढून दार उघडायचं, माणूस पडला तर शेजारी जाऊन भुंकायचं. सैन्यात अठ्ठावीस वर्षं कुत्री शिकवून निवृत्त झालेले सुभेदार खराडे शिकवायचे. मी आधी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. कुत्री शोधणं, तपासणं आणि त्यांच्या नोंदी ठेवणं माझ्याकडं.

शिकवणं अवघड नव्हतं, शोधणं अवघड होतं. जातिवंत पिल्लं विकत घेण्याची ऐपत नव्हती, आणि आपल्या हवेत आपलंच कुत्रं टिकतं, असं सुभेदारांचं मत होतं. म्हणून आम्ही आश्रयगृहं, बाजार, साखर कारखान्यांचे अड्डे, ढाब्यांच्या मागच्या बाजू पालथ्या घालत होतो. कुत्रं माणसाळलेलं हवं, पण लाचार नको. पंजा हातात घेतला तर गुरगुरता कामा नये, तोंडातली भाकरी काढून घेतली तर चावता कामा नये. चाकाची खुर्ची अंगावर आली तर बाजूला व्हावं, पळून जाऊ नये. सगळ्यात शेवटी ताट. कुत्र्याच्या मागं, कमरेइतक्या उंचीवरून स्टीलचं ताट फरशीवर टाकायचं आणि घड्याळ बघायचं.

"घाबरण्याला माझी हरकत नाही," सुभेदार सांगायचे. "दचकल्यावर ते ताटाजवळ परत किती वेळात येतं, ते बघायचं. तीन सेकंदांत आलं तर आपलं. पाचाच्या वर गेलं तर कितीही गुणी असू दे, सोडून द्यायचं." ही चाचणी एका कुत्र्यावर एकदाच घ्यायची, कारण दुसऱ्या वेळी त्याला ताट माहीत झालेलं असतं.

अडीच वर्षांत आम्ही तीन कुत्री निवडली होती. एकानं शेजारच्या कोंबड्या मारल्या. एकाचा खुबा जन्मापासूनच कमजोर निघाला. तिसऱ्याला सुभेदारांचा एवढा लळा लागला की ते दुसऱ्या कुणासाठी काडीसुद्धा उचलेना. तिघांनाही आम्ही घरं शोधून दिली आणि पुन्हा रिकाम्या हातानं हिंडायला लागलो.

यादीत पहिलं नाव पद्मजा मगदूमचं होतं. सांगलीची. शाळेत गणित शिकवायची. सत्ताविसाव्या वर्षी पाठीच्या कण्यात गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली आणि तिच्याबरोबर पायही गेले. डाव्या हातातही जोर राहिला नाही. उजवा हात तेवढा धड होता. घरी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. तिचे वडील आप्पा एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. आई आधीच गेलेली. आप्पा दर सोमवारी सकाळी बरोबर नऊला फोन करायचे आणि वेळापत्रक विचारावं तसं विचारायचे, "काय हेमाताई, आहे का काही?" मी नाही म्हटलं की "बरं, पुढच्या सोमवारी बघू" म्हणून ठेवायचे.

पद्मजानं मात्र पहिल्या भेटीतच, आप्पा चहा करायला आत गेल्यावर मला हळूच सांगितलं होतं की तिला कुत्र्यांची भीती वाटते. "पण आप्पांना नाही म्हणू नका. त्यांना वाट बघायला काहीतरी लागतं," ती म्हणाली. "तसंही तुम्हाला सापडणार नाहीच." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, आणि तोवरच्या आमच्या वहीकडं बघता तिचं गणित चुकत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी कृष्णाकाठच्या एका वीटभट्टीवर आम्हाला ती कुत्री दिसली. भाजलेल्या विटेच्या रंगाची, दीड-दोन वर्षांची, एक कान अर्धा मोडलेला. ट्रॅक्टर मागंपुढं होत होते, विटा उतरत होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती, आणि ती एका झोळीखाली बसून आतल्या बाळाकडं बघत होती. कुणाची म्हणून विचारलं तर विटा थापणारी बाई म्हणाली, "कुणाची न्हाई. हितंच असती."

सुभेदारांनी तिचे पंजे चाचपले, जबडा उघडला, शेपटी ओढली. तिनं फक्त मान वळवून बघितलं. भाकरीचा तुकडा तोंडातून काढला तर ती वाट बघत बसून राहिली. छत्री फटकन उघडली, तिनं छत्रीचं टोक हुंगलं. मी टेम्पोतून खुर्ची उतरवून तिच्या अंगावर घातली, ती दोन पावलं सरकली आणि चाकाच्या बरोबरीनं चालायला लागली. सुभेदार उकिडवे बसून तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले.

"हिच्यात आहे," ते म्हणाले. अडीच वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आम्ही तिला घेऊन आलो. रंगावरून मीच नाव ठेवलं, गेरू. दहा दिवस नुसतं निरीक्षण करायचं आणि जागा अंगवळणी पडली की ताट, असं ठरलं. पण त्याच आठवड्यात सुभेदारांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख आली आणि ते मुलाकडं पुण्याला गेले. जाताना ताटाची चाचणी माझ्यावर सोपवून गेले.

अकराव्या दिवशी सकाळी आप्पा आले. न कळवता, एकटे, बसनं. पायरीवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं. मग सांगितलं की यकृताचा आजार आहे, डॉक्टर दिवाळीपर्यंत म्हणतात, आणि पद्मजाला यातलं काही माहीत नाही. त्यांची मेव्हणी जयसिंगपूरला असते, ती सकाळ-संध्याकाळ येऊन जाईल. पण दिवसभर काय, हा त्यांचा प्रश्न होता. "तिच्या हातनं खडू जरी पडला तरी मी उठतो," ते म्हणाले. "मी नसताना तो खडू तिथंच पडून राहणार. ती बघत बसणार त्याच्याकडं." त्यांनी मला काही गळ घातली नाही. गेरू उन्हात झोपली होती, तिच्याकडंही त्यांनी एकदाच पाहिलं, आणि साडेअकराची बस आहे म्हणून उठले.

दुपारी मी गेरूला ओट्यावर नेलं आणि तिच्या मागं ताट टाकलं.

ती दचकली नाही. ती खाली बसली, पोट फरशीला टेकवून, कान मागं पडलेले, डोळे गच्च मिटलेले. मी घड्याळाकडं बघत होते. पाच झाले. सहा झाले. सातव्या सेकंदाला तिनं डोळे उघडले. नवव्याला ती उठली, पोट खाली ठेवूनच ताटाजवळ आली आणि तिनं त्याची कड हुंगली. भट्टीवर लोखंडाचा काय अनुभव तिच्या वाट्याला आला होता, कोण जाणे. गाड्यांना, भोंग्यांना, माणसांच्या ओरडण्याला ती कधीच घाबरली नव्हती.

संध्याकाळी सुभेदारांचा फोन आला. डोळ्यावर पट्टी होती, नंबर सुनेनं लावून दिला होता.

"किती?" त्यांनी विचारलं.

"तीन," मी म्हटलं.

 "देवानं ऐकलं बघा," ते म्हणाले.

वहीतही मी तीनच लिहिलं. मनाशी म्हटलं, परत तर आली ना. सहा सेकंदांनी असा काय फरक पडतो. सुभेदार परत आले, डोळे स्वच्छ झालेले, आणि अंगात विशीतलं बळ आल्यासारखे कामाला लागले. सात महिने त्यांनी गेरूला शिकवलं. किल्ली, पेन, मोबाइल, चादरीचं टोक, ती सगळं उचलायची आणि मांडीवर अलगद ठेवायची. सुभेदार तिला बाजारात, बसस्थानकावर, मिरवणुकीत घेऊन गेले, तिथं ती जराही बिचकली नाही. मी एवढंच केलं की संस्थेतली सगळी स्टीलची भांडी फडक्यावर ठेवायला लागले. बादल्या प्लॅस्टिकच्या आणल्या. आवाजानं डोकं दुखतं, असं सुभेदारांना सांगितलं.

ऑक्टोबरात गेरू सांगलीला गेली. पहिले आठ दिवस आम्ही दोघं रोज जात होतो. पद्मजा तिला हात लावायची नाही, नुसती हुकूम द्यायची, वर्गात द्यावेत तशी. मगदूमांचं घर जैन, अंडंसुद्धा घरात यायचं नाही. सुभेदारांनी कपाळाला हात लावला, पण गेरूनं दूध-भाकरीवर तक्रार केली नाही. नवव्या दिवशी शिकवणी चालू असताना पद्मजाच्या हातून खडू निसटला. मुलं उठायच्या आत गेरूनं तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तोंड पांढरं झालेलं, जीभ बाहेर. मुलं हसली. पद्मजानं पदरानं तिचं तोंड पुसलं, आणि मग हात तिच्या डोक्यावरच राहू दिला. आप्पा आतल्या खोलीच्या दारात उभे होते.  माझ्याकडं बघून त्यांनी हात जोडले आणि आत गेले.

त्यानंतर ते पाच आठवडे होते.

आप्पा गेल्यावर पद्मजा जयसिंगपूरला जाईल, असं सगळ्यांना वाटत होतं. ती गेली नाही. मावशी दोन वेळा येऊन जायच्या आणि मधला दिवस गेरूचा असायचा. जानेवारीत पद्मजा दोन वर्षांनी पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडली. गेरूचा पट्टा खुर्चीच्या हाताला अडकवून, तिच्या ओढीनं आणि उजव्या हातानं चाक वळवत, गल्लीच्या टोकापर्यंत. मग भाजी मंडईपर्यंत. मला फोन करून सांगायची, आज वांगी आणली, आज पोस्टात गेले. आवाज बदलला होता तिचा. मला वाटायला लागलं होतं, की ते नऊ सेकंद आता पुसले गेले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, ती मंडईतून परत येत होती. एका बांधकामासमोर टेम्पो उभा होता. माणसांनी त्याच्या मागचं फळकूट सोडलं आणि सळयांचा भारा गेरूच्या पाठीमागं, सात-आठ फुटांवर रस्त्यावर कोसळला.

या वेळी ती खाली बसली नाही. ती उधळली. पट्टा खुर्चीला बांधलेला, खुर्ची तिच्यामागं खेचली गेली, गटाराच्या कडेला आपटून उलटली, पट्टा तुटला आणि गेरू वाट फुटेल तिकडं पळाली. पद्मजा उजव्या हातावर पडली. मनगटाची दोन्ही हाडं मोडली. तिचा तेवढा एकच हात धड होता.

सुभेदार दवाखान्यात आले तेव्हा मी बाहेरच्या बाकावर होते. ते शेजारी बसले. म्हणाले, "कुत्री चांगली होती. तीन सेकंदांची कुत्री अशी जात नाही. माझ्याच शिकवण्यात काहीतरी राहिलं. लोखंडाचा आवाज मी तिला दिला नाही. वय झालं माझं, हेमाताई."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "असं नका म्हणू साहेब." बस्स, एवढंच.

त्या आठवड्यातच त्यांनी सामान बांधलं आणि ते गावी निघून गेले. त्यांच्यावाचून संस्था चालणं शक्यच नव्हतं, ती जूनमध्ये बंद झाली. पुढं मी दोनदा त्यांच्या गावी गेले. दोन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले, चहा पिऊन परत आले. त्यांच्या वाड्यात गुरं होती, शेळ्या होत्या, कुत्रं नव्हतं. चार वर्षांनी ते वारले. शेवटपर्यंत ती चूक त्यांनी स्वतःचीच मानली.

पण ते नंतरचं. गेरू पळाली त्यानंतर अकरा दिवस मी सांगली पालथी घातली. नदीकाठ, स्टेशन, दोन्ही बाजूंच्या वीटभट्ट्या. बाराव्या दिवशी मावशीचा फोन आला, कुत्री दारात येऊन बसलीय.

मी गेले तेव्हा मावशी औषधं आणायला बाहेर पडत होत्या. गेरू पायरीवर होती. बरगड्या दिसत होत्या, तुटका पट्टा गळ्यात, पुढच्या पंजाला जखम. मला बघून तिनं शेपटी हलवली. आत पद्मजा खुर्चीत बसली होती, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"सकाळपासून बोलावतेय," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या आत येत नाही."

तिनं पुन्हा हाक मारली. गेरूनं पुढचे पाय उंबऱ्यावर ठेवले. पद्मजा तिच्याकडं वळायला गेली, खुर्चीचं चाक जरासं करकरलं, आणि गेरू अंगणाच्या भिंतीपर्यंत मागं गेली. तिथं उभी राहून थरथरत होती. डोळे पद्मजावर आणि अंग भिंतीला चिकटलेलं. थोड्या वेळानं पुन्हा पायरीपर्यंत आली. पुन्हा तेच झालं. असं तीनदा झाल्यावर पद्मजा मला म्हणाली, "मला खाली ठेवा."

मी तिला उचलून जमिनीवर बसवलं, पाठ भिंतीला टेकवून. खुर्ची आतल्या खोलीत लोटली आणि दार लावलं. मग गेरू आली. पोट फरशीला घासत आली, आणि पद्मजाच्या मांडीवर डोकं ठेवून तिनं एक मोठा श्वास सोडला. पद्मजाचा प्लास्टरचा हात तिच्या पाठीवर होता. डाव्या हातानं ती तो मोडका कान कुरवाळायचा प्रयत्न करत होती, बोटं मिटत नव्हती.

तिथं, तिच्यासमोर फरशीवर बसून मी सांगितलं. ताट, नऊ सेकंद, वहीतले तीन. आप्पा त्या सकाळी आले होते आणि काय बोलले, तेही सांगितलं.

 सगळं ऐकून ती म्हणाली, "नऊ लिहिले असते तर ही मला मिळालीच नसती."

मला वाटलं, ती मला माफ करतेय. मी मान हलवली.

"तेच बरं झालं असतं," ती म्हणाली.

आवाज चढला नव्हता. गणित सोडवून उत्तराखाली रेघ मारावी, तसं ती म्हणाली. मग म्हणाली, की आधी तिला काही नकोच होतं, आणि नको असताना दिवस निघत होते. आता तिला मंडईचा रस्ता माहीत झाला होता. "आता मी काय करू, ते सांगा," ती म्हणाली.  उत्तराची वाट तिनं पाहिली नाही.

मग तिनं मला कागद घ्यायला लावला. गेरूला दूध कोमट चालत नाही, गार लागतं. भाकरी चुरून, मोठे तुकडे ती पुरून ठेवते. ऊन सरकेल तशी जागा बदलते, तेव्हा दार लावायचं नाही. डाव्या कानात खाज येते. पद्मजा सांगत गेली, मी लिहीत गेले. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "न्या तिला. तिला भेटायचं तर मला दर वेळी खाली उतरावं लागणार, आणि मला वर उचलायला कोण आहे? मावशीची कंबर गेलीय."

मी म्हटलं, अधूनमधून घेऊन येत जाईन.

"नका आणू."

मी आतून खुर्ची आणली. चाकांचा आवाज होताच गेरू अंगणात गेली. पद्मजाला उचलून मी खुर्चीत बसवलं, पायांवर चादर घातली, पाण्याचा पेला हाताशी ठेवला. बाहेर येऊन गेरूच्या गळ्यात नवा पट्टा घातला. फाटकाशी पोचलो तेवढ्यात आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. हलका, पेन किंवा डबीचं झाकण पडावं तसा.

गेरूनं कान टवकारले. माझ्या हातातून पट्टा सोडवून ती धावत पायरीपर्यंत गेली, उंबऱ्यावर पाय ठेवले आणि थांबली. पुढं जाईना, मागं येईना. तोंडातून बारीक आवाज काढत ती आत बघत होती.

"राहू दे गं," आतून पद्मजा म्हणाली. "राहू दे."